किशोर वाचकांसाठी चरित्र कसे लिहावे : कोकण किनाऱ्यावरील ख्रिस्ती आणि ऐतिहासिक व्यक्तींच्या निमित्ताने

मुलांच्या हाती पडणारी बहुतेक चरित्रे एकाच साच्यात ओतलेली असतात. पहिल्या ओळीत जन्मतारीख आणि जन्मगाव, मग शिक्षण, मग कार्य, मग मानसन्मान आणि शेवटी निधन. जयंतीच्या दिवशी व्यासपीठावर म्हणून दाखवण्यापुरता हा मजकूर उपयोगी पडतो, पण त्यातून ती व्यक्ती मुलाला भेटत नाही. ज्या माणसाचे थोरपण पहिल्याच ओळीत ठरून गेले आहे, त्याचे पुढे काय झाले याविषयी बारा वर्षांच्या मुलाला कुतूहल वाटण्याचे कारणच उरत नाही. चरित्र लिहिणाऱ्याचे मुख्य काम माझ्या मते एकच आहे : पुढे काय होणार हे त्या व्यक्तीला स्वतःलाही ठाऊक नव्हते, अशा क्षणी वाचकाला तिच्या शेजारी नेऊन उभे करणे. पुढच्या सर्व पायऱ्या या एका कामासाठी आहेत.

शाळेतले शिक्षक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे कार्यकर्ते, गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि आपल्या मुलांसाठी लिहू पाहणारे पालक यांना डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे. दहा ते चौदा वर्षांच्या वाचकासाठी बाराशे ते पंधराशे शब्दांचे, एका बैठकीत मोठ्याने वाचून संपेल असे चरित्र तयार करणे, एवढेच उद्दिष्ट धरले आहे.

पहिली पायरी : व्यक्तीची निवड

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात माणसांची वाण नाही. वसईत जन्मून जपानमध्ये हौतात्म्य पत्करलेले संत गोन्सालो गार्सिया, दापोलीजवळच्या करजगावात १८६१ साली जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे आणि १८३२ साली 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर, मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पालगडचे साने गुरुजी, कुलाब्याचे कान्होजी आंग्रे. आणि किनाऱ्याने थोडे खाली उतरले, तर गोव्यातल्या राशोल येथे १६१६ साली छापलेले मराठी 'ख्रिस्तपुराण' रचणारे, जेजुइट या कॅथलिक धर्मसंघातले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स. एवढ्यांतून निवड करताना मी तीन प्रश्न विचारतो. या व्यक्तीच्या बालपणाविषयी किंवा तरुणपणाविषयी निदान दोन-तीन गोष्टी खात्रीने माहीत आहेत का? तिने असा एखादा निर्णय घेतला का, ज्याची किंमत तिला मोजावी लागली? आणि मुलाला जाऊन पाहता येईल असे तिच्याशी निगडित एखादे ठिकाण आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तरच काम हाती घ्यावे. व्यक्ती कितीही मोठी असली आणि तिच्या पहिल्या पंचवीस वर्षांविषयी काहीच हाती लागत नसले, तर या वयाच्या वाचकासाठी तिचे चरित्र तूर्त बाजूला ठेवलेले बरे.

ख्रिस्ती व्यक्तींची चरित्रे ख्रिस्ती मुलांसाठी आणि बाकीच्यांची बाकीच्या मुलांसाठी, अशी वाटणी कृपा करून करू नये. एकोणिसाव्या शतकातली ही माणसे एकमेकांच्या आयुष्यात गुंतलेली आहेत. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. तेथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. या विवाहामुळे मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. रमाबाई, आनंदीबाई आणि धोंडोपंत ही तीन चरित्रे एका मालेत लिहिली, तर एकीतला प्रश्न दुसरीत उत्तर घेऊन येतो आणि मुलगा आपोआप तिसरे चरित्र मागतो.

दुसरी पायरी : माहिती गोळा करणे आणि चाळणे

वहीचे पान घेऊन त्याचे तीन रकाने पाडावेत : 'निश्चित', 'सांगोवांगी' आणि 'रिकामे'. वाचताना सापडलेली प्रत्येक गोष्ट यांपैकी एका रकान्यात जायला हवी. त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेला मजकूर सर्वात आधी वाचावा. कर्व्यांचे 'आत्मवृत्त', आनंदीबाईंचे 'माझे पुराण' आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही तिन्ही पुस्तके मराठीतच आहेत आणि कोकणातल्या जुन्या वाचनालयांत मिळण्यासारखी आहेत. त्यांत घरातले बोलणे, प्रवास, भांडणे आणि स्वयंपाक सापडतो, आणि मुलांना नेमके तेच हवे असते. मात्र उतारवयात आठवणी लिहिणाऱ्या माणसाच्या सनावळीत चूक होऊ शकते, म्हणून तारखा मराठी विश्वकोशातून किंवा जिल्ह्याच्या गॅझेटियरमधून पडताळून घ्याव्यात. दोन ग्रंथांत दोन तारखा आढळल्या तर नुसते वर्ष द्यावे. वर्षाविषयीच शंका असेल, तर फादर स्टीफन्स यांच्या जन्मवर्षाच्या बाबतीत लिहितात तसे 'सुमारे १५४९' लिहावे. 'सुमारे' म्हणजे काय, हे या वयाच्या मुलांना चांगले कळते.

स्थळांची नावे लिहिताना विशेष सावध राहावे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म पालघर जिल्ह्यात झाला, असे वाक्य सहज लिहून जाते. पालघर जिल्हा मात्र १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला आणि गोन्सालो जन्मले तेव्हा, म्हणजे १५५६ च्या सुमारास, वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे, पण तो जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. 'आज ज्या भागाला पालघर जिल्हा म्हणतात तेथे' एवढे शब्द वाढवले की वाक्य खरे होते, आणि राज्ये व सीमा बदलत असतात हेही मुलाच्या लक्षात येते.

'सांगोवांगी' रकान्यातल्या गोष्टी फेकून देऊ नयेत. 'वसईत अशी आठवण सांगतात की' या शब्दांनी सुरुवात करून त्या लिहिता येतात. 'रिकामे' हा रकाना मात्र कल्पनेने भरायचा नाही. आईने काय म्हटले, रात्री त्याला कोणते स्वप्न पडले, हे कोठेच नोंदलेले नसेल तर ते लिहू नये. मुलांसाठी लिहिताना थोडे रचले तर काय बिघडले, असे अनेक जण म्हणतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. पुढे मोठेपणी त्याच व्यक्तीचे सविस्तर चरित्र वाचताना आपल्याला लहानपणी सांगितलेला प्रसंग खोटा होता असे ज्याला कळते, त्याचा खऱ्या प्रसंगांवरचा विश्वासही डळमळतो.

तिसरी पायरी : निर्णयाचा क्षण शोधणे

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवावा. पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या असतील, तर निश्चित गोष्टींच्या रकान्यातच तो क्षण दडलेला असतो. तो ओळखण्याची खूण अशी, की तेथे त्या व्यक्तीसमोर दोन वाटा होत्या आणि सोपी वाट तिला सहज घेता आली असती.

गोन्सालो गार्सिया यांचेच उदाहरण घेऊ. वसईच्या जेजुइट धर्मगुरूंपाशी शिकलेला हा मुलगा किशोरवयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा उत्तम शिकला आणि धर्मशिक्षकाचे काम करू लागला. जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पूर्ण झाली नाही. तेव्हा तो व्यापारात पडला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. रूढ चरित्रांत हा भाग एका वाक्यात उरकून थेट ५ फेब्रुवारी १५९७ रोजीच्या नागासाकीतल्या क्रूसावर उडी मारली जाते. मुलांच्या दृष्टीने खरा प्रसंग मधलाच आहे. मनापासून मागितलेली गोष्ट नाकारली गेली, दुसऱ्या क्षेत्रात यश मिळाले, हाती पैसा आला. आता पहिली इच्छा सोडून द्यायची की नाही? गोन्सालो यांनी व्यापार सोडला, मनिला येथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात साधे बंधू म्हणून प्रवेश घेतला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून ते जपानला परतले. नकार पचवून पुन्हा तेच मागणारा हा तरुण सातवीतल्या मुलाला ओळखीचा वाटतो. १८६२ साली संतपद मिळालेली, वेदीवरची मूर्ती त्याला तेवढी जवळची वाटत नाही.

नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातला असा क्षण आगगाडीच्या डब्यात येतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे कवितेवर आणि मग धर्मावर बोलणे झाले, आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तो माणूस कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. मुलांना हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात एक न सुटलेले कोडे आहे. पण चरित्र येथे थांबता कामा नये. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. हा निर्णय त्यांच्या संसारावर कोसळला, काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या स्वतःच्या विचाराने. निर्णय घेणाऱ्याइतकीच निर्णय सोसणाऱ्याची बाजू लिहिली, म्हणजे चरित्राला खोली येते. टिळक पतिपत्नींवर लिहिणाराला दोन्ही बाजू आयत्याच मिळतात, आणि त्याही लक्ष्मीबाईंच्या अत्यंत प्रांजळ, हसऱ्या भाषेत.

चौथी पायरी : पहिला परिच्छेद

जन्मतारखेने सुरुवात करू नये. निवडलेल्या क्षणाने करावी आणि मग मागे जावे. कर्व्यांच्या चरित्राचा आरंभ असा होऊ शकतो :

'परीक्षा साताऱ्याला होती आणि धोंडू राहत होता समुद्राकाठच्या मुरुडात. मध्ये सह्याद्री उभा होता. धोंडू आणि त्याचे मित्र पायी निघाले, घाट चढले आणि शंभराहून अधिक मैल चालून साताऱ्याला पोहोचले. परीक्षेला बसायला वय सतरा वर्षांचे लागत असे. धोंडूचे वय भरत होते, पण तो दिसायला लहानखुरा होता. हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही, असे परीक्षा घेणाऱ्यांचे मत पडले. त्याला परीक्षेला बसू दिले नाही.'

या परिच्छेदात 'जिद्दी', 'थोर', 'कर्तृत्ववान' यांपैकी एकही विशेषण नाही, रचलेला संवाद नाही, आणि धोंडूला काय वाटले हेही सांगितलेले नाही. ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटते. मोठ्याने वाचताना शेवटच्या वाक्यानंतर क्षणभर थांबले की 'मग?' असा प्रश्न येतोच. त्या प्रश्नाच्या बळावर पुढची दोन पाने वाचली जातात, आणि १८ एप्रिल १८५८ ही जन्मतारीख दुसऱ्या परिच्छेदात सावकाश सांगता येते. एकशे चार वर्षांच्या आयुष्यातली १९१६ सालची महिला विद्यापीठाची स्थापना आणि १९५८ सालचा भारतरत्न किताब यांना मी शेवटी चार-पाच ओळींपेक्षा अधिक जागा देणार नाही.

पाचवी पायरी : धर्म, वाद आणि हिंसा

ख्रिस्ती व्यक्तींवर लिहिताना दोन प्रकारची घाई होते. काही लेखक धर्मांतराचा प्रसंग विजयासारखा रंगवतात, तर काही तो पूर्णपणे गाळून त्या व्यक्तीला केवळ 'समाजसेविका' किंवा 'कवी' करून टाकतात. दोन्ही प्रकारांत माणूस अर्धाच उरतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी घटना आहे आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. त्याचबरोबर, तेथल्या चर्चच्या वरिष्ठांनी सांगितलेले सर्व निमूटपणे मान्य करण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या शंका पत्रांतून ठामपणे मांडल्या, हेही सांगावे. जुन्या रूढींना प्रश्न विचारणारी ही बाई नव्या धर्मातही प्रश्न विचारीत राहिली, हा तिच्या स्वभावाचा धागा आहे.

वादाचा प्रसंग आला की दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्या सर्वात चांगल्या रूपात मांडावे. १८९३ साली शारदा सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आरोप झाला. 'केसरी'ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की प्रार्थनेची सक्ती कोणावरच नव्हती. आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि ज्या मुलीला यावेसे वाटे ती येई. टीकाकारांचा आक्षेप त्या उघड्या दारालाच होता, कारण कोवळ्या वयाच्या मुलीवर आश्रय देणाऱ्या व्यक्तीचा प्रभाव पडणारच, असे त्यांना वाटत होते. हे एवढे लिहून निकाल न देता पुढे जावे. तेरा-चौदा वर्षांची मुले या उघड्या दारावर तावातावाने बोलतात, आणि वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांच्या वर्गात हे बोलणे होणे मला फार मोलाचे वाटते.

फादर स्टीफन्स यांच्याविषयी लिहिताना त्या काळाचे चित्र टाळू नये. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले, आयुष्याची चाळीस वर्षे तेथे राहिले आणि ओवी छंदात जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण त्यांनी रचले. मराठीची स्तुती करणाऱ्या त्यांच्या ओव्या, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' पासून पुढे, मुलांकडून अवश्य म्हणून घ्याव्यात. पण त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) चालू होते आणि साष्टीतली देवळे पाडली गेली होती. नवे ख्रिस्ती झालेले लोक आपल्या भाषेतले पुराण का मागत होते, याचे उत्तर या परिस्थितीत आहे. जुनी पुराणे त्यांच्यापासून दुरावली होती. मोठ्या मुलांना हे सारे सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला 'तेव्हा तेथील राजसत्तेने लोकांची देवळे आणि पोथ्या हिरावून घेतल्या होत्या' एवढे वाक्य पुरे होते.

हौतात्म्याचे वर्णन मोजक्या शब्दांत करावे. नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवून मारले आणि त्यांतला लुईस इबाराकी नावाचा मुलगा अवघा बारा वर्षांचा होता, एवढे सांगितले की वर्गात शांतता पसरते. भाले आणि जखमा यांचे तपशील वाढवून मिळवायचे असे काही राहत नाही. क्योटोपासून नागासाकीपर्यंत त्यांना हिवाळ्यात पायी चालवत नेले, हे मात्र लिहावे, कारण ते नकाशावर बोटाने दाखवता येते.

सहावी पायरी : भाषा

वाक्य साधारण दहा-बारा शब्दांचे असावे आणि मधूनच एखादे लांब यावे. बालपणीच्या भागात 'धोंडू चालला', 'रमा पाठ करी' असे एकवचन ठेवावे आणि व्यक्ती मोठी झाली की 'धोंडोपंत म्हणाले', 'रमाबाई निघाल्या' असे आदरार्थी रूप आणावे. हा बदल चरित्राच्या नेमक्या कोणत्या वळणावर करायचा, ते आधी ठरवून ठेवावे, नाहीतर एकाच पानावर दोन्ही रूपे मिसळतात. 'मिस्सा', 'नवा करार', 'सोवळे', 'केशवपन' यांसारखा शब्द पहिल्यांदा येतो तेथेच एका सोप्या वाक्यात त्याची ओळख करून द्यावी. शेवटी शब्दार्थांची यादी जोडली तर ती कोणी उघडून पाहत नाही.

सातवी पायरी : नकाशा आणि जागा

प्रत्येक चरित्राबरोबर एक हाताने काढलेला नकाशा असावा. स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि सहा महिन्यांहून अधिक काळाने गोव्याला पोहोचले. हा मार्ग आफ्रिकेला वळसा घालून दोऱ्याने दाखवला की त्या प्रवासाची लांबी मुलाला डोळ्यांनी दिसते. वसई, जपान, मनिला आणि नागासाकी हा गोन्सालो यांचा दोराही तसाच.

शक्य असेल तेथे प्रत्यक्ष जावे. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंती, पालगडचे साने गुरुजींचे घर, पोंभुर्ले आणि मुरूड ही सारी एका दिवसाच्या सहलीची ठिकाणे आहेत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावात पोर्तुगीजमधून उपजलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. स्टीफन्स किंवा गोन्सालो यांच्या काळाविषयी वाचलेल्या मुलांनी ती एकदा कानांनी ऐकावी.

आठवी पायरी : मुलांसमोर वाचन आणि दुरुस्ती

मे महिन्यात चाकरमान्यांची मुले गावी आलेली असतात, तेव्हा पडवीत आठ-दहा जणांचा गट सहज जमतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात कोळीवाड्यात मोठी माणसेही घरी असतात आणि तीही ऐकायला बसतात. कच्चा खर्डा हातात पेन्सिल घेऊन वाचावा. जेथे मुले चुळबुळ करतात तेथे समासात रेघ मारावी आणि जेथे प्रश्न येतो तेथे प्रश्न तसाच लिहून घ्यावा. वाचून झाल्यावर एखाद्या मुलाला तीच गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लावावी. तो जे वगळतो ते बहुतेक वेळा वगळण्यासारखेच असते. 'लक्ष्मीबाई तेव्हा कुठे राहत होत्या?', 'गोन्सालोला आईची आठवण येत नव्हती का?' अशा प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे निश्चित रकान्यात असतील ती मजकुरात घालावीत. ज्यांची नसतील ते प्रश्न चरित्राच्या शेवटी 'आपण शोधूया' अशा शीर्षकाखाली जसेच्या तसे छापावेत.

नववी पायरी : हयात आठवणींचे चरित्र

वरची पद्धत अंगवळणी पडली की अलीकडच्या काळातली एखादी व्यक्ती घ्यावी आणि लेखन मुलांवरच सोपवावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म वसईजवळच्या नंदाखालचा, १९४२ सालचा. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, वसईची झाडे आणि पाणी वाचवण्यासाठी दिलेला लढा, 'सुबोध बायबल' आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, एवढा तपशील छापील स्वरूपात मिळतो. २०२४ साली त्यांचे निधन झाले. हरित वसईच्या आंदोलनात चाललेली, त्यांची भाषणे ऐकलेली माणसे आज गावोगावी आहेत. मुलांनी दोघादोघांच्या जोड्या करून त्यांच्याकडे जावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहावे. 'तुम्ही स्वतः काय पाहिले?' हा पहिला प्रश्न ठेवावा आणि 'तुम्ही काय ऐकले?' हा दुसरा, म्हणजे 'निश्चित' आणि 'सांगोवांगी' हे रकाने तेथेच वेगळे होतात. प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे नाव, त्या काळी त्याचे वय आणि भेटीची तारीख लिहावी, छापण्यापूर्वी तो मजकूर त्याला वाचून दाखवून त्याची संमती घ्यावी, आणि दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्या एकत्र न करता एकाखाली एक ठेवाव्यात. मूळ वही गावच्या वाचनालयात जमा करावी; पुढच्या वर्षीचा गट तीत भर घालील.